मासळीच्या गाडीत संसार मांडता येईल का?

दोन अंकांमागे मी सहज लिहून गेलो होतो की माझ्याकडे मारुतीची एक जुनी मालवाहू इको व्हॅन आहे, तिच्यात पलंग न् चूल टाकून, म्हणजे तिचा कॅम्पर करून, आम्ही दोघं वेंगुर्ल्यापासून रेवसपर्यंत हिंडतो. बास, तेवढ्यावर पत्रं सुरू. माझी मावशी अजून विचारते, "गाडयेत कोण निजता रे, घर पडला काय तुझा?" पण तुम्हा लोकांना बरंच कुतूहल दिसतंय. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, आणि कपाटाला कुठला सनमायका लावू असली पत्रं मी मुद्दाम बाजूला ठेवलीत, राग मानू नका. आपल्याकडे पाऊस आणि खारं वारं ह्या दोघांची समजूत घातल्याशिवाय सनमायक्याला काही अर्थ नाही.

दादा नमस्कार, मिरकरवाड्याला एकाची २०१६ची इको कार्गो विकायला आहे. तो तिच्यातून मासळी न्यायचा. इंजिन मस्त आहे, रंग नवीन मारलाय, किंमत बाजारापेक्षा बरीच कमी सांगतोय. कॅम्पर करायला घेऊ का? आणि वास जाईल ना? — एक वाचक, रत्नागिरी

वास जाईल. म्हणजे गेला असं तुम्हाला वाटेल. फिनेल, लिंबू, बेकिंग सोडा सगळं करून झालं की डिसेंबरात गाडी घमघमणार नाही, आणि मग जूनमध्ये पहिली दमट हवा आली की बांगडा परत हजर. पण वासाचं मी मनावर घेत नाही हो, कोकणातल्या माणसाला मासळीचा वास म्हणजे काही संकट नव्हे. संकट आहे ते बर्फाचं पाणी.

मासळीच्या गाडीत काय होतं बघा, बर्फाच्या टबातनं खारं पाणी दिवसभर ठिबकतं, रबरी मॅटच्या खाली जातं, तिथनं उतार मिळेल तसं मागच्या दाराच्या उंबऱ्याशी आणि चाकांच्या कमानीत जाऊन बसतं, आणि वर मॅट असल्यामुळे सुकत तर कधीच नाही. मीठ, ओल आणि पत्रा एकत्र म्हटल्यावर आणखी काय पाहिजे. हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. माझी पहिली गाडी अशीच होती, मालवणकडची, तिचीही किंमत "बरीच कमी" होती, आणि तिचाही रंग नवा होता. मी मॅट न उचलता वर सरळ प्लाय टाकला. दुसऱ्या पावसाळ्यात मागचा दरवाजा नीट लागेना म्हणून प्लाय काढला, उंबऱ्यापाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर घावन्यात बोट जावं तसा तो आत गेला, आणि खालून अंगणातला जांभा दिसायला लागला. भंगारवाल्याने नेली ती.

तर बघायला जाल तेव्हा मॅट आधी उचलायला सांगा. मालक कुरकुरला तर तिथूनच रिक्षा पकडा. मॅट उचलली की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा, टणटण वाजतंय तिथे पत्रा आहे, भद्द वाजतंय तिथे नुसता रंग आहे. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या भागावर आणि चाकांच्या वर फिरवा, जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरलेली. मग गाडीखाली जा. खाली काळं रबर कोटिंग नवंकोरं दिसलं तर खूश होऊ नका, गंजावर कोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि गंज त्याच्या आड निवांत वाढतो. चॅसी नंबर वाचता येतोय ना तेही बघा, तो गंजला असेल तर आरटीओत तुमचे किती खेटे होतील मी सांगू शकत नाही.

माझं स्पष्ट मत, ही गाडी सोडा. किनाऱ्यावरची मालगाडी घेऊच नका, घाटावरची घ्या. कोल्हापूर, सांगली, कराडकडची बेकरीची नाहीतर कुरिअरची गाडी, किलोमीटर जास्त झालेले असले तरी चालेल, इंजिन उघडून करता येतं, कुजलेला तळ करता येत नाही. आणि गाडी बघायला जमलं तर जुलैत जा. भर पावसात आत बसून दार लावा, टॉर्च घेऊन कोपरे बघा, कुठे गळतंय ते गाडी स्वतःच सांगते. सीएनजीची असेल तर टाकीची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी झालीये का त्याचा कागद मागा, आणि ती टाकी पुढे पलंगाच्या पेटीत बंद करून टाकू नका, व्हॉल्व्हला हात पोचला पाहिजे.

घेतलीत की पहिला महिना फर्निचर नाही. तारेच्या ब्रशने खरवडा, रस्ट कन्व्हर्टर (गंज थांबवणारं द्रावण), झिंक प्रायमर, रंग, आणि दारांच्या आतल्या पोकळीत, सिलच्या म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीच्या आत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंजरोधक मेण. दारांच्या खाली पाणी जायची बारीक भोकं असतात, रंगाने किंवा मेणाने ती बुजली नाहीत ना हे खिळ्याने तपासा. कंटाळवाणं काम आहे, फोटो काढण्यासारखं काही नाही त्यात. पण हेच काम आहे.

आम्ही ठाण्याला असतो, गाव देवगड. मालवाहू गाडी घेऊन खिडक्या कापून, टपावर पंखा बसवून रीतसर कॅम्पर करायची आहे. कोणी म्हणतं चालतं, कोणी म्हणतं पोलीस धरतात. नक्की काय?

नक्की म्हणजे असं. मोटार वाहन कायदा १९८८, त्याचं कलम ५२. कंपनीने गाडी जशी दिली आणि आरसीवर जे लिहिलं ते बदलेल असा फेरफार मालकाने आपल्या मनाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच ठणकावून सांगितलं, आणि त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली त्यात अशा फेरफाराला ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही, असं आलं. दर फेरफारामागे, हे लक्षात घ्या, म्हणजे दोन खिडक्या न् एक पंखा म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

राहायची-झोपायची गाडी ही कायद्यात वेगळी जात आहे, तिला मोटर कॅराव्हॅन म्हणतात, तिच्यासाठी एआयएस-१२४ नावाचं मानक आहे, आणि त्याप्रमाणे मंजुरी घेऊन गाडी बांधणारे लोक आहेत. राज्य सरकारने २०२१ला कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं तेही खरं, पण त्याचा रोख धंदा करणाऱ्यांवर, म्हणजे भाड्याच्या कॅराव्हॅन, कॅराव्हॅन पार्क वगैरे. तुमच्या-माझ्यासारख्या, एका जुन्या इकोत हौस करणाऱ्याला हा रस्ता खर्चाचा पडतो. तरी खिडक्या कापायच्याच असतील तर आधी आपल्या आरटीओत लेखी अर्ज, मग करवत. उलटं नाही.

मी काय केलंय? माझ्या गाडीला एकही नवं भोक नाही. पलंग म्हणजे तीन सुट्ट्या पेट्या, गाडीत माल बांधायला आधीपासून जे हूक आहेत त्यांनाच रॅचेट पट्ट्याने आवळलेल्या. दोन माणसांनी धरल्या की दहा मिनिटांत गाडी रिकामी, परत आंब्याच्या पेट्या भरायला मोकळी. पंखा मागच्या दारात जाळीच्या चौकटीवर बसतो, रात्री लावायचा, सकाळी काढायचा. आणि हे मी नुसतं कायद्याला भिऊन केलं असं नाही हां, कापलेल्या पत्र्याची कड आणि स्क्रूचं भोक म्हणजे आपल्याकडे गंजाला आमंत्रण, अक्षत ठेवून बोलावल्यासारखं. आरटीओ आणि समुद्र दोघं एकच सांगतायत तर ऐकायला काय जातं.

बाकी थोडक्यात: पिवळी पाटी असेपर्यंत फिटनेस लागणार, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यापुढे दरवर्षी. मालवाहू गाडीत मागे माणसं बसवून न्यायची नाहीत, पुढच्या सीटा आहेत तेवढीच माणसं, मागे झोपायचं ते गाडी उभी असताना. आणि विमा कंपनीला काय केलंय ते लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी ते बरोब्बर हेच काढतात.

दादा, मी अलिबागची. आमच्या गाडीचं काम सुरू आहे. व्हिडिओंमध्ये सगळे भिंतींत ग्लासवूल (काचतंतूंचा कापूस) भरून वर प्लास्टिक शीट आणि लाकडी पट्ट्या मारतात. आपण तसंच करावं का? उन्हाळ्यात आत बसवत नाही.

ताई, ते व्हिडिओ बर्फात राहणाऱ्यांचे. त्यांचं भांडण थंडीशी, आपलं घामाशी. त्यांना आतली ऊब धरून ठेवायची असते, आपल्याला ती कधी एकदा बाहेर जाते असं झालेलं असतं. ग्लासवूल आपल्या हवेत ओल पितं आणि परत सोडत नाही, पट्ट्यांच्या मागे काय चाललंय ते दिसतही नाही.

माझीही एक चूक सांगतो. पहिल्या वर्षी मी आतून सगळ्या भिंतींना करडा गालिचा चिकटवला, काय देखणी दिसायची गाडी, पाहुणे आले की आधी गाडी दाखवायचो मग घर. जुलैत तीन आठवडे गाडी दारात बंद राहिली. दार उघडलं तर करड्याचा हिरवा झालेला, मखमलीसारखा, हात फिरवावासा वाटेल असा मऊ, आणि बायको दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "आता हीच्यात तूच झोप." तो गालिचा खरवडायला मला चार रविवार लागले, गोंदासकट रंग निघाला तो वेगळाच.

आता मी काय लावलंय तर बंद पेशींचा नायट्राइल फोम, एसीच्या पाईपला जो काळा गुंडाळतात त्याच्याच शीट मिळतात, १५ मिलिमीटर, पत्र्याला एकजीव चिकटलेला, मधे हवेची पोकळी नाही. पोकळी राहिली की रात्री थंड झालेल्या पत्र्याला आतून दव धरतं आणि मग पत्र्यावरनं थेंब तुमच्या उशीवर. दोन माणसांच्या श्वासा-घामातनंच रात्रीत अर्धा-पाऊण लिटर पाणी हवेत जातं, ते कुठेतरी बसणारच ना. आधी टप, मग बाजू, तळाला नाही लावला तरी चालेल. टप पांढरा नसेल तर पांढरा करा, पण रंग बदलला तर आरसीवरही नोंद बदलावी लागते, म्हणून गाडी मुळातच पांढरी घ्या.

आणि एवढं करूनही एप्रिलच्या दुपारी आत बसवणार नाहीच. इको आणि जुन्या ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं, गाडी थांबल्यावर तास-दीड तास तो गरमपणा आत येत राहतो. त्यामुळे मुक्कामाला पोचलात की दारं सताड उघडा, बाहेर चहा करा, गप्पा मारा, अंधार पडल्यावर आत जा. मागचं दार वर उघडून त्याला मच्छरदाणी, एक सरकतं दार अर्धं उघडं, त्यालाही जाळी, वारा आरपार गेला पाहिजे. फोमपेक्षा वारा महत्त्वाचा, हे लिहून ठेवा.

गादी काथ्याची घ्या. आपल्याकडची. फोमची गादी खालून काळी पडते, काथ्याच्या गादीतनं हवा खेळते, फक्त खाली सलग फळी नको, पट्ट्या मारा, बोटभर फट ठेवून.

मी चिपळूणचा, इंजिनिअरिंगला आहे. १०० एएचची (अँपिअर-अवरची) लिथियम बॅटरी, त्यावर इंडक्शन, छोटा फ्रीज आणि रात्री एसी, टपावर सोलर. होईल ना?

इंजिनिअरिंगला आहेस म्हणतोस तर भागाकार तूच करायचास रे. १२.८ व्होल्टची १०० एएच म्हणजे १२८० वॅट-अवर. इंडक्शन १८०० वॅटला लावलास तर बॅटरीतनं दीडशे अँपिअर ओढणार, आपल्या गाडीतली कुठली वायर ते सहन करणार? एसी म्हणशील तर बारा व्होल्टचा छोटासुद्धा ५००-६०० वॅट खातो, रात्रभर चालवायला अशा तीन-चार बॅटऱ्या हव्यात. सोड ते दोन्ही.

आता हेच बघ: ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणारा) पंखा आठ तास, २४० वॅट-अवर. एलईडी दिवे नि दोन फोन मिळून सत्तर-ऐंशी. म्हणजे फ्रीज नसेल तर तुझी बॅटरी साधारण चार रात्री जाते. कॉम्प्रेसरचा छोटा फ्रीज घातलास की दिवसाचे ४००-५०० आणखी, मग दीड दिवस. मी फ्रीज काढून टाकला. बर्फाचा डबा घेतो, किनाऱ्यावर कुठल्याही बंदरात बर्फ मिळतो, तोही फोडून.

सोलर टपावर नको, घडीचं पॅनल घे, गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात ठेवता येतं, टपावर लावलं की सावलीत गाडी लावायची सोयच गेली. १०० वॅटचं पॅनल हिवाळ्यातल्या चांगल्या उन्हात दिवसाला ४००च्या आसपास देतं, पावसाळ्यात त्यावर अवलंबून राहू नकोस. खरा आधार डीसी-डीसी चार्जरचा, म्हणजे गाडी चालू असताना इंजिनवरून ही बॅटरी भरतो त्याचा, २० अँपिअरचा बसवलास तर पनवेलहून महाडला येईपर्यंत पाच-सातशे वॅट-अवर भरलेले असतात, आणि आपल्या हायवेवर तर काय, वेळ भरपूरच लागतो.

वायरिंगमध्ये दोनच गोष्टी. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, दुसऱ्या टोकाला नाही. आणि वायर बोटवाले वापरतात ती, कल्हई केलेल्या तांब्याची. साधं तांबं आपल्याकडे कळकतं, इन्शुलेशनच्या आत हातभर हिरवं होऊन जातं, वरून वायर नवी आणि आतून पावडर. मालवण, देवगड, कुठल्याही बंदराजवळ बोटीच्या सामानाच्या दुकानात विचार.

मी सुतार, सावंतवाडीकडचा. गिऱ्हाईक म्हणतं गाडीतलं सगळं फणसाच्या लाकडात कर, गावचं लाकूड आहे. करू?

घरात करा, देव्हारा करा, गाडीत नको. फणसाचा पिवळा रंग कुणाला आवडत नाही, पण भरीव लाकूड पावसाळ्यात फुगतं, खण अडकतात, आणि गाडीतला खण अडकला की तो घाटातच अडकतो आणि घाटातच उघडतो. शिवाय वजन. १८ मिलिमीटरचा आठ बाय चारचा प्लायसुद्धा पस्तीस किलोच्या आसपास भरतो, तसे चार लावलेत की झाली दोन माणसं, ती पण भाडं न देणारी. सांगाडा ॲल्युमिनियम सेक्शनचा करा, वर ९ किंवा १२ मिलिमीटरचा मरीन प्लाय, शिक्का आयएस ७१० बघून घ्या, आणि कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद करा, पाणी तिथनंच शिरतं. गिऱ्हाइकाला फणसाचा एक पाट नाहीतर पोळपाट करून द्या, तो खूश.

सगळं झालं की पाणी भरून, माणसं बसवून वजनकाट्यावर गाडी चढवायला सांगा आणि आरसीवरच्या ग्रॉस वेटशी (भरलेल्या गाडीच्या कमाल वजनाशी) ताडून बघा. जास्त भरली तर करूळचा घाट उतरताना ब्रेक तापले की आठवण येईल.

गॅस आतच ठेवला तर चालेल का? पावसात बाहेर रांधणार कसं? — कुडाळ

नको. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की पाण्यासारखा खाली साचतो, पलंगाच्या पेट्यांत, पायाखाली, आणि नाकाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मी पाच किलोचा सिलिंडर मागच्या टोकाला ठेवतो, मागचं दार वर उचललं की तेच छप्पर, त्याला ताडपत्री जोडली की मुसळधार पावसातही पेज आणि तळलेला बांगडा होतो. झोपताना सिलिंडर गाडीबाहेर, रेग्युलेटर बंद. कोळशाची शेगडी ऊब म्हणून आत घेणं किंवा एसीसाठी इंजिन चालू ठेवून झोपणं, ह्या दोन्हीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू होतो, त्याला वासही नसतो. हे चुकूनही नको.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक. गाडी तयार आहे. मुक्काम कुठे करावा? बीचवर लावली तर चालते का?

गुरुजी, बाई, वाळूत गाडी घालू नका. किनाऱ्यावर गाडी नेण्याला बंदी आहे ते एक, आणि ओहोटीला घट्ट वाटणारी वाळू भरतीला काय होते हे दरवर्षी मुंबई-पुण्याची दोन-चार मंडळी आम्हाला फुकट दाखवतात, मग ट्रॅक्टरवाला म्हणेल ती रक्कम.

गावात शिरा, एखाद्या घराशी थांबा, विचारा. "रात्रीपुरती गाडी लावू का तुमच्या अंगणात?" मला आजवर नाही म्हणणारं घर क्वचित भेटलं. सकाळी त्यांच्याकडेच नाश्ता घ्या, पैसे द्या, संडासचाही प्रश्न सुटतो. किनारा-किनाऱ्याने जाणार असाल तर दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ ह्या फेरी बोटी गाडीसकट पलीकडे नेतात, हायवेचा मोठा वळसा वाचतो आणि खाडी बघायला मिळते ती वेगळी. बोटीत चढायच्या आधी गॅस बंद आहे ना बघा.

सावली सुरूच्या बनाची नाहीतर आंब्याची शोधा. माडाखाली गाडी लावायची नाही, कितीही गार वाटलं तरी. आधी मान वर करून बघा. माझ्या टपावर डाव्या बाजूला जो खळगा आहे तो बघून सगळे विचारतात अपघात झाला का, तर तो तांबळडेगच्या एका नारळाचा, पहाटे साडेतीनचा, आणि बायको म्हणते आवाज झाला तेव्हा मी सगळ्यात आधी बॅटरी बघायला उठलो, तिला नाही.